बाई, तो अभ्यास मी केला नव्हता

बाई,

तुमच्या बेसण्याला, म्हणजे इथल्या शोकसभेला, मी आलो होतो. आपल्यात बेसणं नसतं, पण सुरतेत तीसेक वर्षं काढली की माणूस जातोही सुरतेच्या पद्धतीनं. गुजराती पेपरात चौकोनात तुमचा फोटो होता आणि खाली वेळ, चार ते सहा. मी पांढरा सदरा घालून चारला दहा मिनिटं असताना पोचलो, सतरंजीवर बसलो, हात जोडले. तुमच्या यजमानांना माझी ओळख लागेना. त्यांनी हळूच विचारलं, "आपण?" पेशंट म्हटलं असतं तर शेजारच्या चार माना वळल्या असत्या. मी म्हणालो, "विद्यार्थी." ते माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत म्हणाले, "बरं झालं आलात." तुम्ही घरी आमच्यापैकी कुणाचं नावसुद्धा काढत नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

विद्यार्थी म्हणालो ते अगदीच खोटं नव्हतं. चार वर्षांपूर्वी पाच महिने मी दर बुधवारी तुमच्यासमोर बसत होतो आणि दर बुधवारी तुम्ही मला पुढच्या बुधवारपर्यंतचा अभ्यास देत होता. झोप यावी म्हणून घरी करायचा अभ्यास. त्यातला बहुतेक मी केला. एक केला नाही, आणि केला म्हणून तुमच्या तोंडावर सांगितलं. तुम्ही गेल्याचं वाचून मला रडू आलं नाही, तेही सांगून टाकतो. मला तो राहिलेला अभ्यास आठवला.

मी तुमच्याकडे का आलो हे तुम्हाला ठाऊक होतं, पण तेव्हा मी ते तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, निम्मं गिळून. आता सलग सांगतो. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा दीड वर्ष मी रात्री तिच्या उशाशी जागलो. आई गेली, जागरण काही गेलं नाही. पुढची सात वर्षं रात्री दोन-अडीच तास डोळा लागला तर लागला. पहाटे उठून शाळेत. शाळा महापालिकेची, मराठी माध्यमाची, लिंबायतेत, सकाळपाळीची. पोरं कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या खानदेशी लोकांची. घरी अहिराणी, रस्त्यावर गुजराती आणि हिंदी, आणि माझ्यासमोर पुस्तकातली मराठी. त्यांची आधीच तारांबळ, त्यात गुरुजी हे असे तारवटलेले.

त्या वर्षी माझ्याकडे पाचवी होती. एका सकाळी मी दाराशी उभा राहून रेखाला धडा वाचायला सांगितलं. ती पहिल्याच बाकावर होती. तिनं ओ दिली नाही. मी दुसऱ्यांदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली. ती आपली फळ्याकडे बघत बसलेली. मागची पोरं फिदीफिदी हसायला लागली. मी तरातरा गेलो आणि तिच्या कानाखाली ठेवून दिली. पंचवीस वर्षांत मी छडी हातात धरलीच नाही असं नाही, त्या काळी कोण धरत नव्हतं? पण ही थप्पड शिकवण्यासाठी नव्हती. माझा हात माझ्या आधी उठला होता. पोरगी बाकावरून खाली पडली.

मुख्याध्यापकांनी व्हरांड्यातून पाहिलं. मला खोलीत बोलावून म्हणाले, "गुरुजी, पुन्हा असं झालं तर मला वर कळवावं लागेल. आधी डोकं दाखवून या." दुसऱ्या दिवशी रेखाचा बाप आला, रात्रपाळी संपवून थेट. मी मनाची तयारी करून उभा राहिलो, हा आता माझी गचांडी धरणार. त्यानं माझ्यापुढं हात जोडले. "गुरुजी, तुमनीच पोर शे. तिले शिकाडा." एवढं बोलून तो गेला. त्या माणसानं मला मारलं असतं तर मी त्या रात्री झोपलो असतो असं मला अजूनही वाटतं.

तेव्हा मला एकच भीती होती. पुन्हा हात उठला तर? झोप नसलेल्या माणसाच्या हाताची खात्री कोण देणार? म्हणून रिंग रोडवरच्या त्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, त्या हळूहळू कमी करायच्या म्हणाले आणि समुपदेशनासाठी शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथं तुम्ही. सगळे तुम्हाला बेन म्हणत. तुमचं "काऊन जी, बसा ना" ऐकलं आणि मला कळलं की या आमच्याकडच्या. मी मलकापूरचा, तुम्ही यवतमाळच्या. मी तुम्हाला बाई म्हणायला लागलो, शाळेतल्या बाई म्हणतात तसं. वयानं तुम्ही माझ्याहून दहा वर्षांनी लहान होता.

पहिल्या दिवशी तुम्ही मला चौकोन आखलेला एक कागद दिलात. किती वाजता आडवा झालो, साधारण केव्हा झोप लागली, किती वेळा जाग आली, केव्हा उठलो, दुपारी झोपलो का, चहा किती. रोज सकाळी उठल्यावर भरायचा. मी कागद उलटसुलट करून विचारलं, "आणि औषध?" तुम्ही म्हणालात, "हेच." मला हसू आलं. जन्मभर पोरांना अभ्यास दिला, आता पन्नाशीत मला अभ्यास. बाहेर बाकावर कतारगामचा एक हिरे घासणारा माणूस बसला होता, त्याच्याही खिशातून तसाच चौकोनांचा कागद डोकावत होता. आम्ही एकमेकांकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

त्या आठवड्यात मी तो कागद एकदाही उघडला नाही. बुधवारी दुपारी दवाखान्याच्या जिन्यात बसून, गुडघ्यावर वही धरून, सातही दिवस भरून टाकले. गुरुवारी चार तास, शुक्रवारी साडेचार, पुढे पाच. पास होण्याइतपत प्रगती दाखवली. तुम्ही कागद बघितलात. मग अगदी सहज विचारलंत, "गुरुजी, एखादं पोरगं आठवडाभराचं शुद्धलेखन एका बैठकीत लिहून आणतं, ते तुम्हाला कसं कळतं?" हा तर माझा हातखंडा. मी खुर्चीत पुढे सरकलो. म्हटलं, सोपं आहे बाई, शाई सगळीकडे सारखी असते, अक्षर एकाच बाजूला कललेलं असतं, आणि शेवटी शेवटी हात दुखायला लागला की ओळ वर चढते. बोलता बोलता माझी नजर तुमच्या हातातल्या कागदावर गेली. बुधवारची ओळ चांगली बोटभर वर चढली होती.

तुम्ही हसला नाहीत. "होय ना जी," एवढंच म्हणालात. मग म्हणालात, "कोरा आणा, चालेल. कोऱ्या कागदावरून मला काहीतरी समजते. खोट्या भरलेल्यावरून काहीच समजत नाही." त्या दिवशी घरी जाताना मला इतकी लाज वाटली की मी बस सोडून चालत गेलो. पुढच्या वर्षीपासून मी माझ्या वर्गाला हेच वाक्य सांगत आलो. पहिल्या महिन्यात निम्म्या वर्गानं कोऱ्या वह्या आणल्या, मुख्याध्यापक चिडले. पण कोण कुठं अडतंय ते मला पहिल्यांदाच दिसलं. हे तुमचं देणं आहे आणि ते मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही.

आपली खरी भांडणं झाली ती वामकुक्षीवरून. मी शाळेतून एकला येणार, जेवणार आणि चार वाजेपर्यंत ताणून देणार, हा माझा एकमेव आधार. तुम्ही तोच काढून घेतलात. वर अंथरुणावर पडायचं रात्री बारानंतर, उठायचं साडेपाचला, रविवारीसुद्धा. मी म्हणालो, "ज्याला रात्री झोप येत नाही त्याला तुम्ही दिवसाही झोपू देत नाही, हे कसलं औषध?" तुम्ही म्हणालात, "दिवसभर चिवडा खाल्ला तर रात्री भूक कशी लागेल जी?" मी म्हणालो, झोप म्हणजे चिवडा नव्हे. तुम्ही म्हणालात, आठवडाभर करून बघा, मग भांडा. तो आठवडा भयंकर गेला. दुपारी तीनला मी घराच्या ओट्यावर उभा राहून भाजीवाल्यांशी उगाच घासाघीस करत असे. सरोज, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणाली, "तुमच्या बाईंना एकदा घरी आणा, त्यांनाच सांभाळू दे तुम्हाला."

दुसरा नियम असा की अंथरुणावर वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, काहीतरी कंटाळवाणं करायचं आणि डोळे मिटायला लागले की मगच परत यायचं. मी वह्या तपासायला घेतल्या. तुम्ही ते बंद पाडलंत, म्हणालात त्यात तुम्हाला राग येतो. मग मी शिक्षकांसाठीची मार्गदर्शिका वाचायला घेतली आणि ती मात्र लागू पडली. पाचव्या-सहाव्या आठवड्यात एका सकाळी मी कागदावर 'साधारण साडेचार तास' असं लिहिलं, आणि ते खरं होतं. तुम्ही पेन्सिलीनं त्या चौकोनाला गोल केलात. माझी छाती फुगली. पन्नाशीच्या माणसाला पेन्सिलीच्या गोलाचा एवढा आनंद व्हावा, हे जरा हास्यास्पदच.

मग आला काळजीचा तास. नाव मीच दिलं, तुम्हाला आवडलं. रोज संध्याकाळी पाच ते पाच वीस बसायचं आणि मनात जे जे येतं ते लिहून काढायचं. वही मिटली की तास संपला, रात्री काळजी आली तर तिला सांगायचं की उद्या पाचला ये. मी नीट आकडे घालून लिहिलं. धाकट्याचं कॉलेज. गावचं घर गळतं. सरोजचे गुडघे. बदलीची अफवा. आईचं श्राद्ध. तीन बुधवार तुम्ही ती यादी ऐकलीत. तिसऱ्या बुधवारी म्हणालात, "गुरुजी, यात वर्ग कुठंच नाही."

तेव्हा मी रेखाचं सांगितलं. म्हणजे मारलं एवढं सांगितलं. बाप येऊन हात जोडून गेला तेही सांगितलं आणि मध्येच पाणी मागितलं. तुम्ही पाणी दिलंत. त्या दिवशी तुम्ही मला जो अभ्यास दिलात तो फक्त एका वाक्याचा होता. "तिला एकटीला गाठा आणि म्हणा, तुझी चूक नव्हती. दुसरं काही बोलू नका."

माझं डोकंच सणकलं. मी म्हणालो, गुरुजींनी पोरीची माफी मागितली की वर्ग हातचा गेला, उद्या सगळी लिंबायत बोलेल. तुम्ही म्हणालात, "माफी कुठं म्हटलं मी? आणि वर्गासमोर तरी कुठं म्हटलं?" मी म्हणालो, "पण तिची चूक होती. तीन वेळा हाक मारली, ओ दिली नाही. मी मारायला नको होतं, मान्य. पण चूक नव्हती हे मी कसं म्हणू? पोरांशी खोटं बोलणं मला जमत नाही." तुम्ही पेनाचं टोपण लावलंत. मग म्हणालात, "तिनं ओ काऊन दिली नाही, हे विचारलं का तुम्ही तिला?" मी म्हणालो, त्यात काय विचारायचं, लक्ष नव्हतं. वेळ संपली होती. कतारगामवाला दारात उभा होता.

त्या आठवड्यात रेखा रोज पहिल्या बाकावर होती. मधल्या सुट्टीत एकटी सापडेल अशी वेळ दोनदा आली. दोन्ही वेळा मी खडूचे तुकडे गोळा करत राहिलो. बुधवारी तुम्ही विचारलंत, "झाला अभ्यास?" मी म्हणालो, "झाला." "कसं वाटलं?" "बरं वाटलं." ज्या बाईनं एका चढलेल्या ओळीवरून माझी चोरी पकडली, तिला हे कळलं नसेल? मी पुढे चार वर्षं हा विचार करत आलो आहे. तुम्ही फक्त म्हणालात, "मग बरं झालं जी," आणि नवा कागद पुढे केलात.

आणि गंमत अशी की झोप आली. तो अभ्यास न करताही आली. पाच तास, मग सहा. गोळ्या सुटल्या. माझा हात पुन्हा कुठल्या पोरावर उठला नाही, अगदी एकदाही. मी मनातल्या मनात तुमच्याशी वाद जिंकला होता. बघा, म्हणत होतो, पोरीला काही न सांगता झोपलो की नाही? शेवटच्या बुधवारी मी तुमच्यासाठी घारीच्या मिठाईचं पाकीट आणलं. तुम्ही म्हणालात, "आता इथं येऊ नका." तुमच्या तोंडून ते आशीर्वादासारखं वाटलं. त्यानंतर दर दिवाळीला मी एक कार्ड पाठवत होतो आणि तुम्ही उत्तर म्हणून एक ओळ पाठवत होता. गेल्या दिवाळीला ओळ आली नाही. पोटाचं दुखणं होतं आणि तीन महिन्यांत आटोपलं, हे मला बेसण्यात कळलं. बाई, मला वाईट वाटतंय. दर बुधवारी दुपारी मला अजून तयार व्हावंसं वाटतं, आणि आता तर तो दवाखाना तिथंच असून तुम्ही नाही.

तुमच्या फोटोसमोर बसलो असताना वाद जिंकल्याचं काही वाटेना. तुम्ही मला शिकवलेलं सगळं झोपेसाठी होतं, पण तो एक अभ्यास झोपेसाठी नव्हताच, हे मला तिथं सतरंजीवर बसून उमगलं. तो त्या पोरीसाठी होता. आणि मी ती पोर वर्षभर रोज बघूनसुद्धा कोरी सोडून दिली. पुढे तिनं सातवीनंतर शाळा सोडली, हेही मला हजेरीपटावरून ठाऊक होतं.

परवा रविवारी अकराच्या सुमारास मी लिंबायतेत गेलो. पत्ता शोधायला वेळ लागला नाही, गुरुजी म्हटल्यावर चार जण वाट दाखवायला पुढे होतात. गल्लीत दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट. ओट्यावर पाच-सहा बाया साड्यांचे मागचे सुटे धागे कात्रीनं कापत बसल्या होत्या, त्यांत रेखा आणि तिची आई. रेखा आता पंधराची असेल. मला बघून चटकन उठली, पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं आणि हसली. आईनं खुर्ची आणली, पाणी आणलं. बाप कामावर होता. मी खुर्ची रेखाच्या शेजारी ओढली. ती पुन्हा मांडी घालून साडीवर वाकली, हातचं काम टाकून चालणार नव्हतं.

वाक्य मी वाटेत पंधरा-वीस वेळा घोकलं होतं. आता फक्त तिलाच ऐकू जाईल अशा बेतानं, खाली वाकून, हळू म्हणालो, "रेखा, पाचवीत मी तुला मारलं होतं. तुझी चूक नव्हती." ती धागे कापत राहिली. मान वर केली नाही. मी थांबलो. खोटं कशाला सांगू, बाई, तो जुना राग किंचित वर आला. एवढा मी आलो, एवढं बोललो, आणि ही ओसुद्धा देत नाही.

तेवढ्यात तिची आई म्हणाली, "गुरुजी, त्या कानले तिले ऐकू येत नही. ल्हानपनपासून कान व्हाये तिना. या बाजूले बसा."

वर्गात दाराकडे तिचा तोच कान होता. मी दाराशी उभा राहून तीन वेळा हाक मारली होती, आणि त्याच कानावर मारलं होतं. तुम्ही मला विचारलं होतं, तिनं ओ का दिली नाही हे तिला विचारलं का. चार वर्षं ते विचारायचं राहिलं.

मी उठलो. खुर्ची उचलून तिच्या उजव्या बाजूला नेली. तोपर्यंत सगळ्या बायांच्या कात्र्या थांबल्या होत्या. लूमच्या आवाजात हळू बोलून उपयोग नव्हता, म्हणून मी मोठ्यानं म्हणालो. वर्गात मागच्या बाकापर्यंत जावा असा आवाज मला येतो, तो लावला. "रेखा, पाचवीत मी तुला मारलं, त्यात तुझी चूक नव्हती." गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

रेखानं या वेळी मान वर केली. तिला संकोच वाटला होता, आईकडे बघून मग माझ्याकडे बघितलं. आणि शाळेत मी शिकवलेल्या पुस्तकी मराठीत, शब्द जपून, म्हणाली, "मला माहीत आहे, गुरुजी."